पहिल्या दळणाची वाट

मी हे लिहितोय, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतं असं नाही, हे मला इथे खामगावला आल्यावर कळलं. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते माझे बाबा सही करण्यापुरतंच पेन हातात धरतात. मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची माझी हिंमत होईल का, तेही सांगता येत नाही. पण मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

संग्रामपूरच्या पुढे आमचं गाव आहे. तिथे बाबांची पिठाची गिरणी आहे. एक खोली, एक मशीन, दाराशी डबे ठेवायला फरशीचा ओटा. मी जन्मायच्या आधी बाबांनी ती सुरू केली. तेव्हा गावात आधीच एक गिरणी होती, मोठ्या घरची, आणि त्या घरच्या शेतात निम्मं गाव मजुरीला जायचं. त्यामुळे लोकांनी नवी गिरणी येऊन पाहिली, बरी आहे म्हणाले, आणि दळण जुन्याच गिरणीत नेलं. बाबा दिवसभर ओट्यावर बसायचे. कुणी डबा घेऊन येताना दिसलं की उठून उभे राहायचे. डबा पुढे निघून जायचा.

मग एक बाई आली. नवरा नव्हता, मुलगा लहान होता, आणि तीही त्याच शेतात निंदायला जायची. डोक्यावर ज्वारीचं टोपलं घेऊन ती जुन्या गिरणीवरून, सगळ्यांच्या देखत, आमच्या दारात आली. बाबांची इतकी धांदल उडाली की एक गोष्ट राहून गेली. गिरणीच्या दगडाला नवीन टाकी लावली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडल्या, की आधी घरचं थोडं धान्य त्यातून काढायचं आणि ते पीठ फेकून द्यायचं असतं, कारण त्यात दगडाची कच उतरते. बाबांनी आदल्याच दिवशी टाकी लावली होती. त्यांनी सरळ तिची ज्वारी ओतली.

त्या मायलेकांनी आठवडाभर कचकचणाऱ्या भाकरी खाल्ल्या. तिने शेतात एका बाईजवळ जरी तोंड उघडलं असतं, तरी गिरणी तिथेच संपली असती. ती काही बोलली नाही. पीठ संपल्यावर पुन्हा आमच्याच दारात आली. तिचं पाहून दुसरी आली, मग डबे ओट्यावर मावेनात.

बाबांना हे कळलं ते कितीतरी वर्षांनी, तिच्या मुलाच्या लग्नात. तिने हसत हसत सांगितलं, "बापू, तुह्या पयल्या पिठानं माहे दात झिजले."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "मंग बोलली काऊन नाही, मावशी?"

"काय बोलू? डबा दिसला का तू उठून उभा राहे. पाह्यलं होतं म्या."

त्या वर्षापासून आमच्या गिरणीचा एक नियम झाला. खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून तिची पूजा करायची आणि दसऱ्याला पहिलं दळण त्या बाईचं काढायचं; बाबा तिला मावशी म्हणत, मी आजी म्हणायचो. त्याआधी घरची ज्वारी चालवून दगड साफ करायचा. आजी येईपर्यंत बाबा बटणाला हात लावत नसत. ओट्यावर खोळंबलेले लोक चिडवायचे, "तुह्या सासूले लवकर बोलाव बे, घरी पाहुने बसून राह्यले." बाबा म्हणायचे, "बस न जरासा. तुहे पाहुने काही उपाशी मरत नाही."

गिरणीने आम्हाला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी माझं शिक्षण सांगेन. बाबा ते सांगत नाहीत. ते म्हणतात, बारशाच्या पोळ्या असोत की तेरवीचं जेवण, मानसं माह्या दारात येतात. आणि ही माणसं एका बाईने आणली, असं ते मानतात.

गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर आजीला तिचा मुलगा खामगावला घेऊन गेला. तो तिथे एका तेलाच्या मिलमध्ये कामाला होता. यंदा बाबांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी पिठापासून दूर राहायला सांगितलं. बाबांनी आईला आजीसाठी एक लुगडं आणायला लावलं आणि मला फोन केला. "तू तिकडेच हायेस. मावशीले दसऱ्याले घेऊन ये. आपन तिचे उपकार कधी बोलून दाखवलेच नाही रे. दळन काढून देल्लं म्हंजे झालं, असं वाटे."

मी तास संपल्यावर मिलच्या मागच्या गल्ल्या फिरलो. खोली सापडली, तिला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते तं कवाचेच गेले. पोराले जालन्याले काम लागलं." मिलमधल्या एकाने नंबर दिला, तो लागत नव्हता. मी माझा नंबर शेजारणीकडे ठेवून आलो.

दसऱ्याला मी घरी होतो. मशीनला झेंडूची माळ घातली होती. ओट्यावर डबे होते आणि बाबा दारात रस्त्याकडे तोंड करून बसले होते. आई दोनदा म्हणाली, "करा आता सुरू. कोन येते?" बाबा म्हणाले, "मावशी येईन. आज नाही तं उद्या येईन." दुपारनंतर लोक आपापले डबे उचलून गेले. कुणी भांडलं नाही. एका म्हाताऱ्याने तेवढं हळूच विचारलं, "मशीन बिघडली काय?"

"मशीन चांगली हाये," बाबा म्हणाले.

त्यानंतर गिरणी सुरू झालीच नाही. काहींनी घरघंटी घेतली, बाकीचे पुन्हा जुन्या गिरणीत जाऊ लागले. मी खामगावला परतलो. आई फोनवर म्हणायची, "तूच समजाव तुह्या बाबाले. तुह्यं ऐकतीन." मला काय समजवावं ते कळत नव्हतं. हा हट्ट आहे, असं मला आधी वाटलं होतं. आता वाटतं, आभार राहून गेले असताना त्याच धंद्याला पुन्हा हात लावणं त्यांना जमत नसावं. बाबांचा फोन रोज दुपारी यायचा.

"पत्ता लागला काय रे?"

"नाही बाबा."

"बरं. जेवन करत जाय वेळेवर."

परवा सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आजीचा मुलगा होता. जुन्या खोलीतलं राहिलेलं सामान न्यायला तो खामगावला आला होता, आणि शेजारणीने त्याला माझा नंबर दिला होता. मी घाईघाईने सगळं सांगितलं, दसरा, लुगडं, बाबांचा खोकला. माझं संपल्यावर तो म्हणाला, "माय तं उन्हाळ्यातच गेली. गावाले कळवाचं राहून गेलं आमचं."

आमच्याबद्दल काही बोलली होती का, असं मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "झोपेतच गेली."

बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.