साठीला कामाला येईल

बिस्किटाचा पुडा त्याने कधी एका बैठकीत संपवला नाही. दोन स्वतः खायचा, दोन माझ्यापुढे ठेवायचा आणि उरलेल्या पुड्याचं तोंड दुमडून त्यावर रबर चढवायचा. मी म्हणायचो, "अरे, आहेत किती त्यात? खाऊन टाक." तो पुडा खिशात सरकवत म्हणायचा, "राहू दे, दादा. साठीला कामाला येईल."

तेव्हा त्याचं वय होतं चोवीस. तरण्याताठ्या पोराच्या तोंडी साठीचं नाव ऐकून पहिल्यांदा मला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करत नव्हता. निघालेला स्क्रू, सुतळीचा तुकडा, बरा दिसणारा पुठ्ठा, सगळं तो याच नावाने बाजूला ठेवायचा. कंपनीत त्याला 'आजोबा' म्हणू लागले. ते नाव मीच ठेवलं होतं आणि तेव्हा मला त्याचं कौतुकही होतं.

आमची कंपनी वालीवला, बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणारी. मी तिथे स्टोअर सांभाळतो. मी कंपनीच्या पटावरचा, कायमचा. मशीनवरची बावीस माणसं मात्र ठेकेदाराची, आणि तो त्या बावीसांतला. पाळी सुरू होताना प्रत्येकाने स्टोअरच्या खिडकीशी यायचं, हातमोज्यांचा जोड घ्यायचा आणि माझ्या वहीत तारीख घालून सही करायची, असा नियम. बाकीचे सही म्हणून एक रेघ ओढून पळायचे. हा संपूर्ण नाव लिहायचा, बापाच्या नावासकट, आणि शेवटी एक टिंब द्यायचा. तोवर मागची रांग खोळंबून शिव्या घालत असायची.

तो पाचूबंदरचा. घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी, बापाची स्वतःची लहानशी बोट. कारखान्यात मिळायचं त्यापेक्षा बोटीवर जास्तच मिळालं असतं. मी एकदा विचारलं, "मग इथे झाकणं काढायला कशाला आलास बाबा?"

"बोटीवर पीएफ नाय ना, दादा."

मी पोट धरून हसलो. घरी बायकोला सांगितलं, तीही हसली. पीएफसाठी दर्या सोडून आलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी तरी हा एकच पाहिला. मग हळूहळू त्याच्याकडूनच कळलं. त्याचा आजा जन्मभर दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी होता. हातपाय थकल्यावर तो रोज बोटी लागायच्या वेळेला पिशवी घेऊन धक्क्यावर उभा राहायचा. कोणी मूठभर बोंबील, कोणी चार मांदेली पिशवीत टाकायचा. मागावं लागत नसे, नुसतं उभं राहायचं. लहानपणी आज्याचा हात धरून हाही तिथे उभा असायचा.

"टाकनारा कधी तोंडाकडे बघत नाय, दादा," तो म्हणाला. "पिशवीकडे बघतो."

त्या दिवसानंतर मी त्याच्या पीएफला हसलो नाही. चिडवणं मात्र सोडलं नाही, कारण तो चिडतच नसे. बापाने बोट धाकट्या भावाच्या नावावर करावी, हेसुद्धा त्यानेच घरात सुचवलं होतं. त्याला बोट, मला पीएफ, अशी सरळ वाटणी. बाप आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही. शेवटी याने चर्चच्या फादरना मध्ये घातलं आणि बापाला पटवलं, की साठीनंतर घरबसल्या दर महिन्याला पैसे येणार, कोणाच्या दारात जायला नको.

दुपारी जेवण झालं की तो नळावर जाऊन दात घासायचा. साठीला सुकट चावायला दात नकोत का, म्हणायचा. एकदा लग्नासाठी मुलगी बघायला गेला आणि तिला पहिलाच प्रश्न विचारला, "साठीला तुला कुठं राहायला आवडेल?" मुलगी आत गेली ती बाहेर आलीच नाही. हे सोमवारी त्यानेच सांगितलं. वर म्हणाला, "तिचं पन बरोबर हाय. तिने अजून विचार केला नसेल."

जौनपूरचा एक पोरगा त्याला म्हणाला, "साठ तक कौन जिएगा, आजोबा?"

"तू नहीं जिएगा तो तेरा घुटना जिएगा," हा म्हणाला. "उसका खर्चा कौन देगा?" पोरगा दिवसभर मशीनपाशी उभा राहून स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. आमच्याकडे दीड-दोन वर्षांनी ठेकेदाराच्या फर्मचं नाव बदलायचं. माणसं तीच, मशीन तीच, कागदावर नोकरी नवी. नाव बदललं की लोक जुन्या नोकरीचा पीएफ काढून घ्यायचे. कोणाचा फ्रिज यायचा, कोणाच्या बहिणीचं लग्न व्हायचं, कोणाच्या गावच्या घरावर पत्रे चढायचे. वालीवपासून सातिवलीपर्यंत मी हीच रीत बघत आलोय. पीएफ म्हणजे मधूनमधून मिळणारा बोनस, एवढीच लोकांची समजूत.

त्याला ते बघवत नसे. नाव बदलायचे दिवस आले की जेवणाच्या सुट्टीत तो एकेकाला गाठायचा. "हा पैसा तुझा नाय," तो सांगायचा. "तुझ्यात एक म्हातारा बसलाय ना, त्याचा हाय. त्याच्या खिशात हात घालू नको." लोक हसायचे, हात झटकायचे. पण हा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दोन वर्षं त्याने हे चालवलं आणि तिसऱ्या वर्षी, खोटं वाटेल, बावीसांतल्या एकानेही अर्ज भरला नाही. खानदेशातला एक ऑपरेटर होता, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने बायकोला कबूल केलेला फ्रिज रद्द केला. त्या दिवशी आजोबाने सगळ्या कंपनीला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. असा खर्च त्याने केलेला मी त्याआधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

पैसे भरले जातात की नाही, ते हल्ली मोबाइलवर दिसतं. पण ठेकेदाराच्या कारकुनाने सगळ्यांच्या खात्याला आपलाच नंबर लावून ठेवला होता. ओटीपी माझ्याकडे येतो, मी काढून देतो, असं म्हणून तो दर दिवाळीला प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद द्यायचा. जमलेली रक्कम त्यावर असायची. आजोबा तो कागद प्लास्टिकच्या फायलीत लावायचा. रविवारी मिस्सा करून घरी आला की बापासमोर फाइल उघडायचा. बापाला वाचता येत नव्हतं, पण तो प्रत्येक कागदावरून हात फिरवायचा म्हणे.

अशी चार वर्षं गेली. मग त्या खानदेशी ऑपरेटरच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. आजोबाच त्याला म्हणाला, "हे कारन खरं हाय. यासाठी काढ." तो कंजूष नव्हता, हे मला इथे सांगायचं आहे. अर्ज त्यानेच भरून दिला. अर्ज परत आला. दुसऱ्यांदा भरला, तोही परत आला. तेव्हा आजोबा ठेकेदाराच्या ऑफिसात गेला आणि कंपनीचा माणूस असावा म्हणून मलाही बरोबर घेऊन गेला.

कारकून पोहे खात होता. त्याने काहीच लपवलं नाही. चार वर्षांत पगारातून कापलेल्यातला एक पैसाही भरलेला नव्हता. ते छापील कागद त्यानेच कॉम्प्युटरवर बनवलेले होते.

"असं कसं?" आजोबाने विचारलं. त्याचा आवाज अगदी साधा होता.

"कसं म्हणजे? काढणारे असले की भरावं लागतं," कारकून म्हणाला. "तुमच्याकडे कोणी काढतच नव्हतं."

आम्ही चालत परत आलो. वालीव नाक्यावर थांबून तो म्हणाला, "म्हनजे दादा, लोक फ्रिज घेत होते, तोवर पैसा भरला जात होता."

दुपारच्या सुट्टीत त्याने ते सगळ्यांना स्वतः सांगितलं. मला वाटलं होतं, लोक त्याला मारतील. कोणी हात लावला नाही. खानदेशी ऑपरेटर एवढंच म्हणाला, "तू मधी पडला नसता तर माझ्या घरात फ्रिज तरी असता." जौनपूरचा पोरगा डबा न उघडताच उठला. त्या दिवसापासून त्याला कोणी आजोबा म्हटलं नाही, मीसुद्धा नाही.

त्याने सरकारी कचेरीत तक्रार केली. महिनाभरात ठेकेदाराने बावीसच्या बावीस माणसांना ब्रेक देऊन घरी बसवलं आणि दुसरी माणसं आणली. तिकडे कचेरीत ठेकेदाराने सांगितलं, ही माणसं माझ्याकडे तीन-चार महिनेच होती, ते कागद आमचे नाहीत, असे कोणीही छापेल. पगार पाकिटातून रोख हातात मिळायचा, त्यामुळे बँकेतही पुरावा नव्हता. कचेरीतले साहेब म्हणाले, इतकी वर्षं रोज कामावर होतात, हे दाखवणारं काहीतरी आणा.

एका संध्याकाळी तो स्टोअरच्या खिडकीशी आला. हातमोजे घ्यायला यायचा तसाच उभा राहिला. "दादा, तुमच्याकडे हातमोज्यांच्या वह्या हायत. सगळ्या तारखा, सगळ्यांच्या सह्या. माझं तर पूर्न नाव हाय. तेवढ्या वह्या कचेरीत दाखवा. मी काही घेऊन जात नाय, तुम्हीच घेऊन चला."

वह्या माळ्यावर होत्या. मला कुठल्या वर्षाची कुठे आहे, तेही माहीत होतं. शिडी लावायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "बघतो."

मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, घराचे हप्ते होते. ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली आणि अजूनही सांगतो. तो आणखी तीनदा आला. मी तिन्ही वेळा "बघतो" म्हणालो आणि तिन्ही वेळा त्याने मान डोलावली.

मग मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. "माळ्यावर जुना कागद फार झालाय," ते म्हणाले. "आग लागली तर विमावाले आपल्याला धरतील. रद्दीत काढा." मला त्याचा अर्थ कळला नाही, असं मी म्हणणार नाही. गठ्ठे मी माझ्या हाताने बांधले. बांधताना एक वही उघडी पडली. रेघांच्या मधोमध त्याचं नाव, बापाचं नाव आणि टिंब. मी वही मिटली आणि सुतळी आवळली.

रद्दीचा टेम्पो गेटबाहेर पडला तेव्हा तो समोरच्या टपरीवर उभा होता. त्याने टेम्पोकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता येईल आणि चारचौघांत मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो वळला आणि चालू लागला. मी टपरीपाशी गेलो. फळीवर त्याचा बिस्किटांचा पुडा पडला होता, अर्धा, तोंड उघडं टाकलेला. त्यानंतर तो वालीवला कोणाला दिसला नाही.

माझा पीएफ वेळच्या वेळी जमा होतो. मी मोबाइलवर बघतो आणि बघताना मला लाज वाटते. तरी बघायचं सोडत नाही.

वर्षभराने घरी पाहुणे येणार होते म्हणून सकाळी ताजी मासळी आणायला पाचूबंदरला गेलो. दुसरीकडेही मिळाली असती. तिथेच का गेलो, ते मला सांगता येणार नाही. धक्क्यावर बोटी लागत होत्या, लिलावाचा गलका चालला होता. एका बाजूला एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. नाक-डोळे तेच, कोणाचा बाप ते विचारायला नको होतं. मी जवळ जाऊन सांगितलं, की मी तुमच्या थोरल्याच्या कंपनीतला.

"बसा, बसा," म्हातारा म्हणाला. "तो दर्यात गेलाय, धाकट्याच्या बोटीवर. आता आठवडाभर येनार नाय."

"बोटीवर जातो?"

"जातो ना. खलाशी म्हनून. कंपनीने ब्रेक दिला बोलतो. मी त्याला बोललो, अरे, तिथला पैसा काढ आनि आपली लहानशी होडी घे, भावाची चाकरी कशाला? तो ऐकत नाय. बोलतो, बाबा, तो पैसा साठीचा हाय, त्याला हात लावायचा नाय." म्हाताऱ्याने सुई थांबवली आणि माझ्याकडे सरकून आवाज खाली केला. "तुम्ही तिथलेच, म्हनून इचारतो. बोट मी धाकट्याला देऊन बसलो ना, रात्री झोप लागत नाय. थोरल्याचा सगला बरोबर हाय ना तिथं?"

मी म्हणालो, "हो, काका. सगळं तसंच आहे."

म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला, समोर नुकत्याच लागलेल्या बोटीकडे गेला आणि दोन्ही हातांत मावतील एवढी मासळी घेऊन आला. मी खिशात हात घातला, तर कोपराने माझा हात बाजूला सारून म्हणाला, "पोऱ्याच्या कंपनीचे तुम्ही. तुमच्याकडून पैसे घेऊ? पिशवी उघडा."

धक्क्यावर पिशवी उघडून मी उभा राहिलो. मासळी टाकताना त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसला. मी पिशवीकडे बघत होतो.