आम्ही रस्सी सोडली नाही

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. मी सतरा वर्षं इन्फन्ट्रीत होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता चाळिशीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वर्गातल्या पोरांना वाटतं, माझ्याकडे लढाईच्या गोष्टी असतील. आहेत थोड्या. पण ज्या माणसाबद्दल लिहायला हवं, तो मला फौजेत भेटला नाही. लिहिण्यात चूक झाली तर ती माझी समजावी, त्याची नाही.

फौजेत मित्र शोधावे लागत नाहीत. बदलीची मूव्ह ऑर्डर येते, बरॅकमध्ये खाट मिळते, शेजारच्या खाटेवर मित्र असतोच. जोगेश्वरीला परत आल्यावर हे लक्षात आलं. अंधेरीत एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. ड्युटी, घर, ड्युटी. बिल्डिंगमधले लोक लिफ्टमध्ये "जय हिंद, साहेब" म्हणायचे आणि आपापल्या मजल्यावर उतरून जायचे.

रविवारी सकाळी मी आरे कॉलनीत पळायला जायचो. एकदा तबेल्यांच्या मागे मोकळ्या जागेत सात माणसं दिसली. झाडाला जाड रस्सी बांधून ओढत होती. टाचा वर, पाठी वाकलेल्या, प्रत्येकाचा जोर वेगळ्या वेळी. आमच्या बटालियनच्या रस्सीखेच टीममध्ये मी बरीच वर्षं होतो. मला ते बघवेना आणि तिथून हलवेना.

सगळ्यात मागचा जाडा माणूस ओरडला, "बघतोस काय? फुकट आहे, ये!"

तो बबन. लिफ्टचा मेकॅनिक, मूळ कणकवलीकडचा. मी त्याच्या पुढे रस्सी धरली. त्या दिवशी झाड हललं नाही, पण पुढच्या रविवारी काय घालून यायचं हे सगळ्यांनी मला बजावून सांगितलं. कुणी माझं नावही विचारलं नाही. फौजेत हवालदार होतो म्हटलं, तेच माझं नाव झालं.

मी त्यांना ड्रिल शिकवलं. टाच मातीत, कंबर खाली, श्वास एक. ऑर्डर एकाच माणसाची. "टेक द स्ट्रेन. स्टेडी. पुल."

"मराठीत बोल ना यार," रिक्षा चालवणारा पिंट्या म्हणाला. "रस्सीला इंग्लिश कळत नाही."

"तुला तरी मराठी कुठे कळते?" बबन म्हणाला. "डावीकडे वळ म्हटलं की उजवीकडे घालतोस."

बबन आमचा अँकर. अँकर म्हणजे रस्सीच्या शेवटी उभा राहणारा. इथल्या मंडळांत अँकर कमरेला रस्सीची गाठ मारतो, तो मर्दपणा समजतात. आर्मीत गाठ मना आहे. रस्सी काखेतून पाठीवर, तिथून खांद्यावर. गाठीची सवय सोडायला बबनने पूर्ण पावसाळा घेतला. त्या बदल्यात त्याने मला कॉलेजात घातलं. पोरं हसतील, असं मी म्हटलं तर म्हणाला, "मेल्या, गोळयेक भियालस नाय, आनि पोरांच्या हसण्याक भितस?" पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोडायला आला. लहान मुलाला सोडतात तसा, मी आत जाईपर्यंत उभा राहिला.

मुलुंडच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. समोर तिथलीच टीम, कॅप्टन मोहिते. तो बाहेर उभा राहून त्यांना ऑर्डर द्यायचा. तीन खेचींचा सामना. पहिली आम्ही घेतली. दुसरीत ते सरकत होते, हरणार हे दिसत होतं. मी मोहितेच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने दोन बोटं वर केली आणि म्हणाला, "सोड."

त्यांच्या आठही जणांनी एकदम रस्सी सोडली.

आम्ही सगळे मागे कोसळलो. बाकीचे मातीत पडले. बबन आमच्या मागे बांधलेल्या स्टेजच्या सिमेंटच्या कडेवर पडला. मी धावत गेलो. तो शुद्धीत होता.

"हवालदार, पाय कुठे आहेत माझे?"

"आहेत. हलू नकोस."

दुसरी खेच आमच्या नावावर झाली, सामना आम्ही जिंकला असं पंच म्हणाले. मग मोहितेच्या लोकांनी गोंधळ घातला, खेच रद्द झाली, पुन्हा खेळायला लावली. आठाविरुद्ध सात. आम्ही खेळलो नाही, बबनला घेऊन निघालो. ट्रॉफी त्यांना गेली. निघताना मोहिते आडवा आला. "हात सुटला हो पोरांचा. खेळात होतं असं."

माझ्या सर्व्हिसमध्ये मी शत्रूचा असा राग कधी केला नव्हता. शत्रू त्याची ड्युटी करत असतो.

बबन पुन्हा उभा राहिला नाही. दर रविवारी प्रॅक्टिस संपली की आम्ही त्याच्याकडे जायचो. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. पुढे त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तो एकच विचारायचा, "मोहिते खेळतो काय अजून?"

"खेळतो."

"मग तुमी पण खेळा."

पुढच्या वर्षी मुलुंडची स्पर्धा जवळ आली तसा पिंट्या म्हणाला, "आपण पण सोडू ना. बरोब्बर त्याच्यासारखंच. वाट लावू साल्यांची."

बाकीचे माझ्याकडे बघू लागले. मी याचा विचार केला नव्हता असं नाही. पण आमचे सुभेदारसाहेब म्हणायचे, "रस्सी छोडने वाला साथी भी छोडेगा." दुसरं म्हणजे, सोडलं की एका सेकंदात संपतं. मला ते एका सेकंदात संपवायचं नव्हतं.

"सोडायचं नाही," मी म्हणालो. "मी सांगेपर्यंत जिंकायचं पण नाही."

स्पर्धेच्या दिवशी सुनंदावहिनींना, बबनच्या बायकोला, फोन केला. कसा आहे, विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी खेळून घ्या तुम्ही." फोन ठेवला.

आमच्यात बबनच्या जागी एक नवा पोरगा होता. फायनलला तेच समोर. त्यांचा अँकर टीम सोडून गेला होता, म्हणून मोहिते स्वतः शेवटी उभा होता. गेल्या वर्षीचं लोक विसरले नव्हते, मागून कुणीतरी "हात सांभाळ रे" ओरडलं. मोहिते हसला. त्याने रस्सी कमरेला गुंडाळली आणि सगळ्यांसमोर गाठ मारली. एक नाही, दोन.

"घ्या," तो म्हणाला. "आता सुटते का बघा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पंचांकडे बघितलं. त्यांनी गाठ चालवून घेतली. मीही घेतली.

"टेक द स्ट्रेन. स्टेडी. पुल."

पंचांनी पुल म्हटलं तरी आम्ही ओढलं नाही. टाचा रोवल्या आणि धरून ठेवलं. त्यांनी जोर केला, आम्ही हललो नाही. पुन्हा जोर केला. पिंट्याचे हात सोलले, रस्सी लाल झाली. "होल्ड," मी म्हणालो. समोरच्यांचे पाय थरथरू लागले. पहिल्याने हात सोडला, मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. मोहितेला सोडता येईना. तो दोन्ही हातांनी गाठ ओरबाडत होता.

"पुल."

तो तोंडावर पडला. आम्ही पावलापावलाने ओढत नेलं. रेषा आली. शिटी वाजली. मी थांबा म्हणालो नाही. पंच धावत आले, शिटी वाजतच होती. मोहिते ओरडत होता, "सोडा! अरे, सोडा ना!" आम्ही स्टेजला वळसा घालून मागे सरकत राहिलो, आणि त्याच सिमेंटच्या कडेशी त्याचं डोकं आलं तेव्हा मी हात वर केला.

मी त्याच्याजवळ बसलो. तोंडात माती गेली होती.

"पाय आहेत का बघ," मी म्हणालो. "आहेत ना? मग चालत घरी जा."

पंचांनी आम्हाला बाद केलं आणि पुढच्या स्पर्धांनाही बंदी घातली. ट्रॉफी पुन्हा त्यांना मिळाली. ती घ्यायला मोहिते वर गेला नाही. पिंट्याच्या हाताला पाणी लावत असताना माझा फोन वाजला. वहिनी होत्या.

"झाली का मॅच?"

"झाली. ट्रॉफी त्यांनाच मिळाली, वहिनी."

"ट्रॉफीचं विचारत नाही मी. तो पडला का?"

"पडला. कडेपर्यंत ओढत नेला."

"ओरडला?"

"हो."

मागे हॉस्पिटलातली माणसं बोलत होती.

"हे सकाळीच गेले," त्या म्हणाल्या. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही खेळला नसता. आता या सगळे. न्यायचं आहे."