आत्ताच इथे होता

विद्यापीठाच्या देखभाल विभागात एक कला सगळ्यांनाच येत होती आणि ती कुठल्याही वर्गात शिकवली जात नव्हती. साहेबांनी येऊन “अमका कुठे आहे?” असं विचारलं, की समोरच्याने पापणीही न लववता म्हणायचं, “आत्ताच इथे होता, साहेब. तिकडे गेला.” तिकडे म्हणजे कुठे, ते ज्याच्या त्याच्या कल्पनाशक्तीवर. अमका खरं तर पंपघरामागे तंगड्या पसरून घोरत असेल, नाहीतर चहाच्या टपरीवर लोकांच्या घरातली भांडणं चघळत असेल. सांगणाऱ्याने त्याला पाहिलेलं असलंच पाहिजे, असा काही नियम नव्हता. आज मी तुला सांभाळतो, उद्या तू मला सांभाळ, एवढंच. एकटे साहेब एवढ्या इमारती कुठे पालथ्या घालणार?

या कलेत मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं. मावशी सभागृहाच्या इमारतीत झाडलोट करायची. अंगाने आडवी, तोंडाने फटकळ, आणि खोटं सांगायचं तर ते नटवून-सजवून. “आत्ताच गेला साहेब, हातात पाना होता, घाम पुसत होता बिचारा,” असं ती इतक्या कळवळ्याने म्हणायची की साहेबांनाच क्षणभर अपराधी वाटावं.

तिची ही कला सगळ्यात जास्त खर्ची पडत होती ती स्वतःच्या जावयावर.

जावई तिथेच प्लंबर. मावशीनेच चार ठिकाणी शब्द टाकून त्याला चिकटवला होता. हातात कसब होतं, फक्त तो हात हलवायचा त्याला कंटाळा. झोप मात्र कुठेही लागायची. जिन्याखाली, गच्चीवर टाकीच्या सावलीत, एकदा तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर.

“आमचे जावईबापू उभ्या उभ्या झोपतात, घोड्यासारखे,” मावशी चारचौघांत सांगायची.

“घोडा कामाचाच असतो, आई,” तो दात काढायचा.

“असतो ना. तो झोपेतून उठल्यावर धावतो तरी.”

गेल्या आठवड्यात मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. साहेबांनी त्याला गालिच्यांच्या गठ्ठ्यावर गाढ झोपलेला पकडला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “यापुढे एकदा जरी जागेवर सापडला नाहीस, तर सरळ घरी बसायचं.” घरी मावशीची लेक होती, लेकीच्या मांडीवर तान्हं पोर होतं. त्या रात्री मावशीने जावयाला असं काही झाडलं, की शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकलं.

आणि आज बाहेरून मोठे पाहुणे यायचे होते. सभागृहाबाहेरचा पॅसेज सकाळपासून धुऊन पुसून आरशासारखा झाला होता. मावशी जिन्याचे कठडे पुसत होती, तेवढ्यात साहेब खालून तरातरा वर आले. अंगात कोट, कपाळावर आठ्या.

“प्लंबर कुठे आहे?”

मावशीने सकाळपासून जावयाचं तोंडही पाहिलं नव्हतं. झोपला असणार मेला, तिने मनात म्हटलं. हातातलं फडकं मात्र थांबलं नाही.

“आत्ताच इथे होता, साहेब! हॉस्टेलकडे गेला. तिथली टाकी वाहतेय म्हणे. जेवायलाही वेळ नाही म्हणत होता.”

“इथलं गळतीचं काम झालं का?”

“झालं म्हणून तर गेला ना!”

साहेबांच्या आठ्या उतरल्या. ते निघून गेले. मावशीने सुस्कारा टाकला आणि जावयाला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

दुपारी जिन्याखालच्या खोलीत सगळे डबे उघडून बसले. माळी होता, वायरमन होता, पाणी सोडणारे काका होते. जावयाचा डबा फळीवर तसाच होता. मावशीने एकदा त्या डब्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. कामाच्या वेळी न सापडणारा जावई तिला रोजचाच होता. जेवायच्या वेळी न सापडणारा तिने अजून पाहिला नव्हता.

“आमचं घोडं कुणाला दिसलं का रे?” तिने विचारलं.

“आत्ताच तर होता,” वायरमन घास चावत म्हणाला. “गच्चीवर गेला.”

“अरे, हॉस्टेलला ना?” माळी म्हणाला.

“मला गेटजवळ दिसला,” काकांनी सांगितलं.

मावशीने घास खाली ठेवला. “मी साहेब आहे का? मला कशाला थापा मारताय? खरं बोला. कुणी डोळ्यांनी पाहिलाय त्याला?”

वायरमनने मान खाली घातली. “सवयीने तोंडातून गेलं, मावशी. सकाळपासून नाही दिसला.”

काकांनीही मान हलवली.

मावशीने फोन लावला. घंटी तिथेच वाजली, त्याच खोलीत, दारामागच्या खुंटीवर. खुंटीला जावयाचा शर्ट होता आणि शर्टाच्या खिशात फोन थरथरत होता. लेक त्याचे शर्ट कडक इस्त्री करून द्यायची. डाग पडला की घरात रामायण व्हायचं. त्यामुळे शर्ट काढून तो एकाच ठिकाणी उतरायचा: पॅसेजच्या जमिनीखाली, जोत्याच्या पोटात पाइपांचं जे भुयार होतं, तिथे. अंधारं, चिखलाचं, माणूस जेमतेम वाकून चालेल एवढं. आत जायला एकच तोंड, त्यावर लोखंडी झाकण.

“म्हणजे हा खाली कामाला गेला होता?” वायरमनचा विश्वासच बसेना. “खरंच कामाला?”

पण माळ्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“ते झाकण... ते उघडं होतं, मावशी. मी कुंड्या घेऊन तिथेच उभा होतो. खाली बघितलं, अंधार. तेवढ्यात तू साहेबांना सांगत होतीस की तो हॉस्टेलला गेला. म्हटलं, उघडं टाकून गेला आळशी लेकाचा. मी बंद केलं. वर गालिचा घातला. कुंड्या ठेवल्या.”

“अरे, मी ते बनवून सांगितलं होतं!”

“मला काय माहीत? तू सांगितलंस म्हणजे...”

त्याचं वाक्य काकांनी तोडलं. बसल्या जागेवरून ते उठले तेव्हा डबा लवंडला. “मी पाणी सोडलंय. या माळ्याने सांगितलं, प्लंबर काम उरकून गेला. पाहुण्यांच्या बाथरूमला पाणी नव्हतं, म्हणून मी मोठा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.”

खाली पाइपाचा सांधा खोलून माणूस बसलेला, आणि त्याच पाइपात पाणी. काका व्हॉल्व्हकडे पळाले. त्या वयात ते पळू शकतात हे त्यांनाही ठाऊक नसावं. बाकीचे जिन्याकडे धावले. मावशी सगळ्यांत आडवी, पण सगळ्यांच्या पुढे.

पॅसेजमध्ये गालिचा पसरलेला, दोन्ही कडांना सिमेंटच्या जड कुंड्या, आणि साहेब कोटाची बटणं लावत उभे. खाली गाड्यांची दारं आपटल्याचा आवाज आला.

“कुंड्या उचला!” मावशी ओरडली.

“काय चाललंय?” साहेब आडवे आले. “पाहुणे जिन्यात आहेत. मागे व्हा सगळे.”

“साहेब, जावई खाली आहे.”

“तूच म्हणालीस ना हॉस्टेलला गेलाय?”

मावशीच्या पायाखाली गालिचा होता, गालिच्याखाली लोखंड. लोखंडाखाली काय असेल ते तिला दिसत होतं. तिच्या तोंडात कधी शब्दांचा तुटवडा नसे, आज ते एकेक करून ओढून काढावे लागले.

“खोटं बोलले, साहेब. मी त्याला पाहिलाच नव्हता. झोपला असेल म्हणून सांभाळून घेतलं. आम्ही सगळेच असं करतो, रोज करतो. मला काढा, त्याला काढा, काय करायचं ते करा. पण आधी त्याला बाहेर काढा!”

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग कोट काढून कठड्यावर फेकला आणि स्वतः पहिल्या कुंडीला हात घातला.

कुंडी हलेना. वायरमन आणि साहेब एका बाजूने, माळी दुसऱ्या. मावशीने झाडूचा दांडा खाली घालून जोर लावला. दांडा मोडला. कुंडी कलंडली, माती गालिच्याभर सांडली, आणि त्याच वेळी जिन्याच्या तोंडाशी पाहुणे येऊन उभे राहिले. त्यांच्यातल्या एका बाईंनी काहीतरी विचारलं. गालिचा ओढला गेला. झाकण दिसलं. झाकणाच्या कडेतून पाण्याची ओल वर आली होती.

मावशी गुडघ्यांवर बसली, कान लोखंडाला लावला.

“जावईबापू!”

काही नाही.

“अहो, जावईबापू!” आणि मग तिने लेकीचं लग्न झाल्यापासून त्याला कधी मारली नव्हती अशी हाक मारली. “बाळा!”

खालून ठक् असा आवाज आला. एकच.

माळ्याने धावत जाऊन पहार आणली, त्याने आणि वायरमनने ती झाकणाच्या कड्यात घातली आणि झाकण बाजूला सरकलं. काळं पाणी भुयाराच्या तोंडापासून वीतभर खाली होतं. त्यात वर केलेला एक चेहरा, ओठ निळे, एक हात शिडीच्या वरच्या दांड्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात पाना. त्याच पान्याने तो झाकण वाजवत राहिला होता. वर गालिचा होता, कुंड्या होत्या आणि सगळ्यांना माहीत होतं की तो हॉस्टेलला आहे.

वायरमनने त्याच्या काखांत हात घालून त्याला वर ओढला. तो जमिनीवर पालथा पडला, खोकला, पाणी ओकला. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मावशीने पदराने त्याचं तोंड पुसलं, इतकं रगडून की तो कळवळला.

“आई,” तो अडखळत म्हणाला, “सांधा अर्धाच बसलाय. पाणी बंद करा.”

“केलं रे केलं. तू गप बस.”

साहेब भिंतीला टेकून उभे होते. शर्ट मातीने माखलेला. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, “दुसऱ्या जिन्याने चला. इथे आमचा माणूस आहे.” मग ॲम्ब्युलन्सला फोन लावला. जावयाला नेईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

जावई दोन दिवस दवाखान्यात राहिला आणि तिथे सगळ्यांसमक्ष, डॉक्टरांच्या परवानगीने, मनसोक्त झोपला. नोकरी कुणाचीच गेली नाही. साहेबांनी मावशीला बोलावून एवढंच विचारलं, “रोज करता?” ती म्हणाली, “रोज.” त्यांनी समोरचं हजेरीपुस्तक मिटलं आणि ते म्हणाले, “जा, कामाला लागा.” मावशीला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा जिन्यात आले. “वायरमन कुठे आहे?”

मावशीला चांगलं ठाऊक होतं. या वेळी तो मीटरच्या खोलीमागे पोत्यावर आडवा झालेला असणार. ओठांवर ते जुनं वाक्य आयतं आलं होतं, घामासकट. तिने ते गिळलं.

“बघून सांगते, साहेब.”

ती निघाली. बादली मुद्दाम भिंतीला आपटत, पाय घासत, खोकत. इतक्या आवाजाने मढंही उठून कामाला लागलं असतं. मीटरच्या खोलीमागे पोहोचली. पोतं तिथेच होतं. पोत्यावर कोणी नव्हतं.

तिने मीटरच्या खोलीचं दार ढकललं. आत कोणी नाही. गच्चीच्या जिन्याकडे वळली, पायऱ्या चढताना हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. छाती धपापायला लागली, बादली मध्येच टाकून ती कठडा धरत वर चढली.

“काय झालं, मावशी?”

तो गच्चीच्या दारात उभा होता, तोंडात स्क्रू, गळ्यात वायरचं भेंडोळं. चक्क काम करत होता.

मावशी पायरीवरच मटकन बसली.

“साहेब विचारतायत,” ती शेवटी म्हणाली. “आणि मेल्या, काम करायचं असेल तर आधी सांगत जा की!”