दादाच्या डब्यातले देव

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देव घासत बसलो होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या लवकर..." हाताला चिंच तशीच होती. सुतक लागलं, आता देवाला शिवायचं नाही, म्हणून बायकोनं ताम्हनावर फडकं टाकलं आणि आम्ही गारखेड्याला दादाच्या घरी निघालो. त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं अशी रीत आहे. मला ती पाळायची नाही. माझा थोरला भाऊ नास्तिक होता, हट्टी होता, आणि तेवीस वर्षं त्यानं मला फसवलं. तो समोर असता तर तोंडावर बोललो असतो. आता तुमच्यापुढं बोलतो.

आमचं गाव पिशोर. घरच्या देव्हाऱ्यात पाच टाक होते, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव: खंडोबा, भवानी, बहिरोबा, महादेव आणि आमच्या कुळातला एक वीर. टाक घासून घासून झिजले की सोनाराकडून नवे पाडून घेतात. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जायच्या आदल्याच वर्षी सराफ्यातून नवे पाडून आणले होते. वडील गेले की देव थोरल्याच्या घरी जातात, हा आमच्याकडचा नेम. आणि आमचा थोरला कोण, तर शाळेत विज्ञान शिकवणारा, उदबत्तीच्या वासानं शिंकणारा दादा! त्यानं ते पाच देव बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापसावर ठेवले आणि डबा कपाटात, शाळेच्या जुन्या पेपरांशेजारी. ना दिवा, ना फूल. मी चितेगावच्या कारखान्यात पाळी करायचो, येताना झेंडू आणायचो आणि माझ्या देव्हाऱ्यात एका सुपारीपुढं वाहायचो. माझा जीव तुटायचा.

एका रविवारी मी सरळ मागायलाच गेलो.

"तुला नकोत, तर मला दे."

"नाय."

"तू मानत नाहीस ना?"

"नाय मानत. पर आबांना शब्द दिलाय, देव घराबाहेर काढणार नाय. शब्द देवाला नाय दिला, आबांना दिलाय."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तू मानत नाहीस म्हणून देव नाहीसा होतो व्हय रे?"

दादा चष्मा पुसत म्हणाला, "नाय होत. मग तू मानतो म्हणून तरी कुठून यील? असला तर डब्यात बी हाय. नसला तर तुझ्या देव्हाऱ्यात बी नाय. भांडतो कशापायी?"

मी चहा न घेता उठलो आणि आठ महिने त्याच्या दारात पाय ठेवला नाही. मग एक दिवस वहिनी आमच्याकडं आल्या, पदराखालून लाल फडक्यातलं गाठोडं काढलं आणि म्हणाल्या, "घ्या, भाऊजी. ह्यांनीच दिलेत. पर ह्यांच्यापाशी विषय काढू नका." पाचही टाक होते. मी जिंकलो होतो! गुरवाला बोलावून देव बसवले, पुरणाचा नैवेद्य केला, गल्ली जेवायला घातली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चिंच लावून, रांगोळीनं घासून देव लख्ख करायचा माझा नेम सुरू झाला. लोक सणावारी घासतात, मी रोज. आठ महिन्यांची नव्हे, आबा गेल्यापासूनची सगळी कसर मला भरून काढायची होती.

दादा पुन्हा येऊ-जाऊ लागला. दारातूनच विचारायचा, "काय म्हणतायत तुझे देव?" प्रसादाचा शिरा मात्र दोनदा मागून घ्यायचा. माझी सुमन सात वर्षांची असताना तापानं फणफणली, दवाखान्यात रक्त चढवायची वेळ आली. रक्त दादानं दिलं. मी घरी येऊन टाकांपुढं पडलो, नवस बोललो. पोरगी उठली. मी सगळ्यांना सांगत सुटलो की माझ्या खंडोबानं पोर परत दिली. दादाच्या दंडावर अजून कापूस चिकटवलेला होता. तो म्हणाला, "व्हय, लई कर्तबगार देव हायेत तुझे." तेव्हाही मला राग आला होता. आता वाटतं, मी त्याला साधं थँक्यू म्हटलं नाही. पण त्याचीही काही चूक नव्हती असं नाही.

आमची शेवटची भेट घट बसायच्या आदल्या दिवशीची. तो थकला होता, भिंतीला टेकून मला देव घासताना बघत होता. मग म्हणाला, "हळू घास रे, रघू. झिजतायत ते." मी खवळलो. म्हटलं, जन्मभर टिंगल केलीस, आता म्हातारपणी तरी गप्प बस. तो चहा पिऊन गेला.

आपले दिवस घालू नका असं त्यानं सांगून ठेवलं होतं. मी मुद्दाम पैठणला जाऊन दहावा केला. कावळा पहिल्या हाकेला शिवला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिलेली नाही. मलाही बरं वाटलं.

तेरावा झाल्यावर वहिनींनी कपाट उघडलं आणि तोच पत्र्याचा डबा माझ्यापुढं ठेवला. "आता लपवून काय करू, भाऊजी. आबांचे देव हे."

मला काही उमजेना. वहिनी खाली बघत सांगत राहिल्या. "तुम्ही यायचं बंद केलं अन् ह्यांना करमंना. त्याच सोनाराकडं गेले, त्याच ठशावरून दुसरे पाच पाडून आणले. म्हणले, रघूला सांगू नको. आबांचा शब्द बी राहील अन् भाऊ बी राहील."

मी डबा उघडला. टाक काळे पडले होते. एक उचलून उपरण्यानं पुसला. खंडोबाचे डोळे, नाक, मिशीचा पीळ, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू सगळं काल घडवल्यासारखं. डबा घेऊन घरी गेलो आणि ताम्हनावरचं फडकं काढलं. माझा खंडोबा नुसता गुळगुळीत पत्रा. नाक नाही, डोळे नाहीत, घोडा कुठला आणि स्वार कुठला कळत नाही. न मानणाऱ्याच्या डब्यात देव शाबूत राहिला, आणि मानणाऱ्यानं तो तेवीस वर्षांत घासून संपवला. त्या दुपारी मी रडलो. दादासाठी की देवासाठी, मला सांगता येणार नाही.

मग सुमनचा नवस कुणी ऐकला? नास्तिकानं आणलेल्या चांदीनं? गुरव म्हणाला, एका घरात देवांचे दोन जोड चालत नाहीत, खोटे गोदावरीत सोडा. वहिनींनी विचारलं, "पर भाऊजी, खोटे कुठले?" मी पुष्कळ डोकं खाजवलं. या प्रश्नावर ज्याच्याशी कडाकडा भांडता आलं असतं, तो एकच माणूस होता, आणि तोच पळून गेला.

शेवटी डबा मी वहिनींकडंच परत ठेवला. आबांना दिलेला शब्द मी कशाला मोडू? डबा शाळेच्या पेपरांशेजारी आहे. माझ्या देव्हाऱ्यात माझे बिननाकाचे देव आहेत. रोज सकाळी ताम्हन घेऊन बसतो, चिंच लावतो आणि हात आपोआप हलका पडतो. देवाला मी अजून मानतो. पण हात मात्र दादाचं ऐकतो, आणि त्याचाच मला लई राग येतो.