पाठवणाऱ्याचं नाव

आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि माझं मराठी म्हणजे घरात बोलून बोलून आलेलं. शाळा सगळी हिंदीत झाली. मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात इथली जाणती माणसं लिहितात. त्यांच्या पंगतीत मी आपला पाट मांडून बसावं, हे मलाच जरा जास्त वाटतं. पण ज्या काकांबद्दल लिहायचं आहे त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही. ते नागपूरला मुलीकडे राहायला गेल्यापासून नेहरू नगरच्या बाजारात त्यांची आठवणही कमी निघते. म्हणून चुकतमाकत लिहितो. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

माझं म्हणणं असं आहे की ई-मेल स्कूटरवरून घरपोच नेऊन देणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला, आणि तो आमच्या भिलाईत झाला.

काका इथल्या स्टील प्लांटमध्ये हिशेबाच्या ऑफिसात होते. मूळचे वर्ध्याकडचे. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी कोणी बाग धरली, कोणी भजनी मंडळ धरलं; काकांनी ई-मेल मार्केटिंग धरलं. त्याला कारण काकू. काकू घरी भाजणी, मेतकूट, चकल्या असं करून विकायच्या आणि त्यांचं चांगलं चालायचं. काकांना वाटलं, आपण रिकामे बसलो आहोत तर हा धंदा जरा शास्त्रशुद्ध करावा. त्यांनी कुठूनकुठून वाचून, व्हिडिओ पाहून, एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर खातं उघडलं. धंदा काकूंचा म्हणून खातं काकूंच्या नावानं, काकूंच्याच मेल आयडीवर; खात्याचा पासवर्ड काकांकडे, आयडीचा काकूंकडे. दर शनिवारी सकाळी त्या खात्यातून बाजारातल्या सगळ्या दुकानदारांना आणि काकूंच्या गिऱ्हाइकांना एक मेल जायचा. वरचा भाग काकांचा: छोट्या दुकानदारानं मेल कसा लिहावा, कधी पाठवावा, कोणतं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोणत्याची नवी आवृत्ती आली. खाली दोन ओळी काकूंच्या. ‘या आठवड्यात भाजणी तयार आहे. पावसाळ्यात पापड करत नाही, कोणी मागू नये.’ लोक वरचं सोडून थेट खालच्या दोन ओळींवर जायचे, हे काकांना माहीत होतं. ते म्हणायचे, “येऊ दे ना खालून. घरात मागच्या दारानं आला तरी पाहुणा पाहुणाच राहते.”

मेल पाठवला की काका आंघोळ करून, हेल्मेट घालून स्कूटर काढायचे आणि बाजारभर फिरून सांगायचे, “मेल भेजा है, देख लेना.” ज्यानं पाहिला नसेल त्याच्या दुकानात ते बसून राहायचे. त्याच्या हातून फोन घेऊन स्वतःच मेल उघडायचे, सावकाश वाचून दाखवायचे आणि मगच पुढच्या दुकानाला जायचे. बेकरीवाले दादा मल्याळी, स्वभावानं फार गरीब. ते एकदा न राहवून म्हणाले, “अंकलजी, इतना घूमते हो, तो मुँह से ही बता दिया करो. मेल क्यों?” काका गंभीर झाले. “मुँह से बताई बात का रिकॉर्ड नहीं रहता, दादा.” आपले मेल जितके उघडले जातात तितके अख्ख्या हिंदुस्थानात कोणाचे उघडले जात नाहीत, असं ते अभिमानानं सांगायचे. ते खोटं नव्हतं. सगळे मेल त्यांनी स्वतःच उघडलेले असायचे.

आमची ओळख माझ्या आईमुळे. आई रुआबांधा वस्तीत घरी फॉल-पिको करते, आणि काकूंच्या साड्या आमच्याकडे यायच्या. एकदा काकूंसोबत काकाही आले आणि आईच्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसले. “वहिनी, तुमची कस्टमर लिस्ट कुठं आहे?”

आई घाबरली. तिला वाटलं, काही सरकारी चौकशी आहे. “माह्या बाया तर याच गल्लीत रायते भाऊजी. हाक मारली की येते.”

“हाक म्हणजेच ई-मेल, वहिनी. फक्त सगळ्याइले एकाच वेळी ऐकू जाते.”

“मंग शेजारची झोपमोड होत असंन,” आई म्हणाली. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण काकांनी त्या दिवशी आईचा मेल आयडी काढून दिलाच. आईला आजवर त्यावर शनिवारच्या मेलशिवाय काही आलेलं नाही, तरी कोणी पत्ता विचारला की ती घर नंबरानंतर तोही सांगते.

मेलचा विषय थोडक्यात आणि नेमका असावा, नाहीतर कोणी उघडत नाही, हे काकांचं पहिलं तत्त्व. ते इतकं अंगात मुरलं होतं की घरातही ते तसंच बोलायचे. मी एकदा जेवायला थांबलो होतो. काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “विषय: वांगी. मजकूर: मीठ कमी.” काकूंनी वाटीत मीठ ठेवलं, ताटाकडे सरकवलं आणि म्हणाल्या, “अनसबस्क्राइब.”

हा शब्द काकांना फार लागायचा. ज्याला मेल नको असेल त्याला तो बंद करता आला पाहिजे, बंद करायचं बटन मोठं आणि ठळक असलं पाहिजे, असं ते प्रत्येकाला शिकवायचे. पण कोणी खरंच ते बटन दाबलं, तर काका संध्याकाळी चकल्यांचा डबा घेऊन त्याच्या घरी हजर व्हायचे. हार्डवेअरवाले राव यांनी एकदा दाबलं. काका गेले, बसले, पाणी प्यायले. “रावसाब, घर में सब ठीक? तबियत? हमसे कुछ गलती हुई?” राव बिचारे इतके खजील झाले की त्यांनी त्याच बैठकीत पुन्हा नाव नोंदवलं आणि वर आपल्या मेहुण्याचंही दिलं. मेहुणा विशाखापट्टणमला. त्यालाही दर शनिवारी भाजणी तयार असल्याचं कळू लागलं.

सॉफ्टवेअरच्या बातम्या काका अशा सांगायचे की जणू ती गावाकडची भाऊबंदकी आहे. अमक्या कंपनीनं तमकीला विकत घेतलं म्हणजे ‘सोयरीक झाली’. एखादी फुकटची सोय बंद झाली म्हणजे ‘त्यांचे दिवस फिरले’. नवी आवृत्ती आली की ते बजावायचे, “आठ दिवस कोणी हात लावू नका. नव्या सुनेले आल्या आल्या चुलीपाशी नाही बसवत.”

“मले तर पहिल्याच दिवशी बसवलं होतं,” आतून काकूंचा आवाज यायचा.

आणि सगळ्यात पक्का नियम होता पाठवणाऱ्याच्या नावाचा. मी बी.कॉम.ला गेलो तेव्हा काकांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, “विषय बदल, रंग बदल, वेळ बदल. पाठवणाऱ्याचं नाव बदलू नको. लोक नाव पाहून मेल उघडते. नाव बदललं का ओळख तुटली.” शनिवारच्या मेलवर नाव काकूंचं असायचं. स्वतःचं नाव काकांनी कुठेच टाकलं नव्हतं.

काकू गेल्या तेव्हा माझी परीक्षा चालू होती. आजार आधीपासून होता, पण त्यांनी तो कोणाला जाणवू दिला नव्हता. शेवटचे काही दिवस दवाखान्यात गेले आणि संपलं. मुलगी नागपूरहून आली, सगळं तिनंच सांभाळलं. तेरवीपर्यंत बाजारात मेल आला नाही आणि तो कुणाला अपेक्षितही नव्हता. बेकरीवाले दादा मला म्हणाले, “अब अंकलजी क्या भेजेंगे. आंटीजी के बिना किसका मेल.”

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मेल आला. काकूंच्या नावानं.

दादांच्या हातून फोन काउंटरवर पडला. राव दुकान सोडून रस्त्यावर आले. मेलमध्ये नेहमीसारखं सगळं होतं: सणाच्या आधी किती दिवस मेल पाठवावा, फोटो फार जड टाकू नयेत, एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, घाई करू नये. आणि खाली, काकूंच्या जागी, एकच ओळ होती. ‘भाजणी सध्या नाही.’

थोड्या वेळानं काका स्कूटरवर आले. डोकं तुळतुळीत, त्यावर हेल्मेट सैल बसलेलं. राव म्हणाले, “अंकलजी, वो आंटीजी का नाम…”

“नाम बदलेंगे तो लोग पहचानेंगे नहीं, रावसाब,” काका म्हणाले. “मेल सीधा स्पैम में जाएगा.” आणि पुढच्या दुकानाला गेले.

त्या दिवसापासून त्यांचं विचारणं बदललं. आधी ते ‘मेल भेजा है’ म्हणायचे, आता विचारायचे, “उसका मेल आया?” लोक म्हणायचे, “आया अंकलजी, आया.” त्यानंतर कोणीही बंद करायचं बटन दाबलं नाही. दाबणार कसं? मुलीनं गॅसचं कार्ड, बँकेचं खातं, घराचे कागद, सगळं एकेक करून काकांच्या नावावर करून घेतलं. जिथं म्हणाली तिथं त्यांनी सही केली. एकदा ती म्हणाली, “बाबा, ते मेलचं खातंही तुमच्या नावावर करून घ्या ना. आईचा मेल आयडी तर कोणाला उघडताही येत नाही, पासवर्ड तिच्याच डोक्यात होता.”

“ते राहू दे,” काका म्हणाले. “ते चालू आहे.”

दर शनिवारी कुठेतरी, कुणाच्या तरी फोनवर काकूंचं नाव येत होतं. काकांना एवढंच हवं होतं. बाकी सगळ्या कागदांवरून ते नाव गेलं होतं.

मग त्या कंपनीनं नवा नियम काढला. जुन्या खात्यांच्या मालकांना ती मेल पाठवणार होती, आणि मालकानं आपल्या मेलमधून होकार कळवला नाही तर खातं बंद करणार होती. ही बातमी मला काकांच्याच शनिवारच्या मेलमधून कळली. त्यांनी ती ठळक अक्षरांत दिली होती: ‘दुकानदार बंधूंनी आपापले मेल तपासावे, दुर्लक्ष करू नये.’ बाजारात फिरून त्यांनी प्रत्येकाला ते तोंडीही सांगितलं. नेहरू नगरात त्या कंपनीचं खातं असलेला माणूस एकच होता, आणि तो ही बातमी बाकीच्यांना समजावण्यात गुंतला होता. कंपनीचे मेल काकूंच्या आयडीवर येत राहिले असणार. तिथं ते पाहणारं कोणी नव्हतं.

एका शनिवारी पाठवायचं बटन चालेना. काकांनी मला फोन केला. मी सायकलनं गेलो. खातं उघडतच नव्हतं. मी तसं म्हणालो, पण काका ऐकेनात. त्यांच्या मते दोष इंटरनेटचा होता, मग विजेचा झाला, मग माझ्या हाताचा. “तू हळू दाबून राहिला. जरा जोरानं दाब.” मी जोरानं दाबलं. शेवटी मी त्यांना कंपनीच्या साइटवर तक्रार लिहायची जागा दाखवली. त्यांनी तिथं आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत, ‘रिस्पेक्टेड सर’ पासून सुरू करून, सविस्तर अर्ज लिहिला आणि उत्तरासाठी स्वतःचा मेल आयडी दिला.

मग हेल्मेट घेतलं. मी म्हणालो, “काका, आज कशाला? मेल तर गेलाच नाही.”

“तेच सांगायला जाऊन राहिलो. लोक वाट पाहत असतीन.”

मीही मागे बसलो. बेकरीसमोर स्कूटर थांबली. काकांनी तोंड उघडण्याआधीच आतून दादा प्रेमानं म्हणाले, “आ गया अंकलजी, मेल आ गया. पढ़ भी लिया. बहुत अच्छा लिखा है.”

काका दारात उभे राहिले. दादांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला खाली पाहावंसं वाटलं. काका म्हणाले, “अच्छा, अच्छा.” मग पुढे रावांकडेही गेलो. रावही म्हणाले, आला, वाचला. काकांनी तिथं चहा घेतला, मेहुण्याची चौकशी केली. आज मेल गेलाच नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दुकानापर्यंत आम्ही गेलो नाही.

कंपनीचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते स्क्रीनवर उघडलेलं होतं, आणि काका जरा लांब, खिडकीपाशी बसले होते. “वाच तू,” म्हणाले. “मले नीट दिसून नाही राहिलं.” त्यांना दिसत होतं. इंग्रजीही माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मी वाचलं, आणि मराठीत सांगितलं. “ते म्हणतात, आम्ही मालकाला पुष्कळदा मेल पाठवले. मालकाकडून एकही उत्तर आलं नाही. म्हणून खातं कायमचं बंद केलं.”

“कोणाकडून उत्तर नाही आलं म्हणते?”

“मालकाकडून, काका.”

“नाव लिहिलं आहे का?”

लिहिलं होतं. मी काकूंचं पूर्ण नाव वाचलं. असं पूर्ण, आडनावासकट, मी ते कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. काकांनी त्या दिशेनं पाहिलं. मला वाटलं, आता ते पुन्हा अर्ज लिहायला सांगतील, आणि मी खुर्ची पुढे ओढली. पण ते माझ्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात, मलाच समजावून सांगावं तसं म्हणाले, “बरोबर आहे त्याइचं. ती कशी उत्तर देईन? ती गेली ना रे.”