माझ्या खोलीवरची गच्ची

घर बांधायला काढलं की किस्से जमवावे लागत नाहीत. रेतीचा ट्रक रिकामा झाला की कुठून तरी मांजरं येतात ना, तसे ते येतात. रेती संपते, मांजरं राहतात!

मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये आमच्या गच्चीचा एक किस्सा सांगितला की सगळे म्हणतात, "मयू, अजून एक!" त्यांना हसायला काय जातं? त्यांच्या डोक्यावर चार मजले आणि शेजाऱ्यांचा सोफा आहे. माझ्या डोक्यावर थेट गच्ची आहे.

आमचं घर बोरिवलीत, गोराईला, बैठ्या घरांच्या सोसायटीत. आधी एक खोली आणि किचन होतं. फ्रिज आणि शिलाई मशीन यांच्यामधल्या अडीच फुटांत बसून मी एमएस्सी केली. बाथरूम सोडलं तर आयुष्यात कधी दार आतून लावून बसले नाही. दोन वर्षांपूर्वी जुनं घर पाडून वर मजला चढवायचं ठरलं, तेव्हा बाबा म्हणाले, "वरची खोली मयूची. कडीसकट."

मला तेवढंच हवं होतं. कडीसकट खोली, आणि तिच्यावरची गच्ची गळू नये, तापू नये. बस्स. पण गच्चीवर घरातल्या सगळ्या मोठ्यांचा हक्क असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

* * *

भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्याकडेच राहतात. तरुणपणी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर तीस वर्षं वॉचमन. काही सांभाळायला दिलं की ते सांभाळतात. विषय संपला.

स्लॅब घातली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "काका, चांगले दहा दिवस पाणी मारा." स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून वाफे केले होते, त्यात पाणी साठवून ठेवायचं. भाऊकाकांनी छत्री घेतली, स्टूल घेतलं आणि वर जाऊन बसले. वाफा जरा सुकला की लगेच पाणी. आमचं पाणी संपलं की शेजाऱ्यांच्या नळाला पाईप.

दहाचे वीस दिवस झाले. वीसचा महिना झाला. मिस्त्री खालून ओरडत होता, "काका, बास! मला काम करू द्या!"

"सिमेंटाक तान लागता," भाऊकाका वरून म्हणाले. "तुका काय कळता?"

शेवटी मिस्त्रीने हात जोडले. पण खाली उतरताना मला म्हणाला, "ताई, असा माणूस मला साइटवर द्या. स्लॅब एक नंबर झाली." भाऊकाकांनी ते ऐकलं. त्यानंतर वर्षभर घरी येईल त्याला ऐकवलं. इथपर्यंत ठीक होतं.

* * *

स्लॅबवर कोबा घालताना उतार काढतात. पाणी वाहून जायचा पाईप घराच्या मागच्या बाजूला, नैऋत्येला. म्हणजे उतार नैऋत्येला. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

कुडाळची आत्या आली होती. तिने मिस्त्रीचा उताराचा दोरा बघितला आणि किंचाळलीच. "नैऋत्येक पाणी? घर बुडवतलास काय?" पाणी ईशान्येलाच गेलं पाहिजे. बाबांनी मान हलवली. बहिणीपुढे बाबांची मान एकाच दिशेने हलते. मिस्त्रीने दोरा फिरवला.

मी म्हटलं, "बाबा, पाईप तिकडे आहे!"

"पाईप मागून बघू."

"मागून म्हणजे कधी? आत्या, पाणी ईशान्येला जमेल, पण तिथून जाणार कुठे?"

आत्याने माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "लक्ष्मी ती! तिका भायर कित्याक घालवतंस?"

ईशान्येला, त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, माझी खोली.

* * *

एप्रिलमध्ये राहायला आलो. मे महिन्यात वरच्या खोलीत पंखा लावला की अंगावर इस्त्री फिरल्यासारखं व्हायचं. भिंतीला टेकता यायचं नाही. मी दार आतून लावलं, पंधरा मिनिटं बसले आणि दार उघडून खाली आले. ते माझं उद्घाटन!

आठवडाभर भांडून मी गच्चीवर पांढरा कोट मारून घेतला. ऊन परतवतो, पाणीही अडवतो. बाबांचा मुद्दा एकच होता, "पांढरा? रोज कोण पुसणार?" शेलार नावाच्या माणसाने तीन हात मारले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी अनवाणी गच्चीवर उभी राहिले आणि खाली खोलीत चादर घेऊन झोपले. चादर! मे महिन्यात!

आठवड्याने आत्या पुन्हा आली. दोन पिशव्या कोकमं घेऊन. एवढी स्वच्छ जागा बघून तिने सालं पसरली, रस आणि मीठ लावून. दोन दिवसांनी माझ्याकडे तक्रार, "गो, तुझी गच्ची तापनाच नाय! आमसुला वाळतली कशी?"

मला इतका अभिमान वाटला! म्हटलं, "आत्या, ती तापू नये म्हणूनच तर कोट मारलाय. पांढरा रंग ऊन परत पाठवतो. काळा असता तर शोषून घेतला असता."

आत्याने लक्षपूर्वक ऐकलं. बाबांनीही ऐकलं. घरात पहिल्यांदाच कोणी माझं फिजिक्स इतकं मन लावून ऐकत होतं.

संध्याकाळी क्लासहून आले तर खोलीत पाऊल ठेवताच भट्टी. धावत वर गेले. अख्ख्या गच्चीवर काळं प्लास्टिक अंथरलेलं, कडेला विटा ठेवलेल्या, वर आमसुलं मस्त कडक होत होती.

बाबा खुशीत होते. "तूच म्हणालीस ना, काळा शोषतो? झकास आयडिया!"

* * *

आमसुलं गेली. कोटावर लाल डाग राहिले, पण कोट शाबूत होता. शेलार बघायला आला आणि बाबांना बजावून गेला, "साहेब, आता वर एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. भोक पडलं की कोट मेला."

बाबा कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. सेफ्टीच्या सूचनांवर त्यांचा फार विश्वास. लगेच म्हणाले, "बरोबर आहे. सगळ्यांना कळलं पाहिजे."

रविवारी सकाळी ड्रिलच्या आवाजाने जाग आली. वर गेले तर ईशान्येच्या कोपऱ्यात लोखंडी खांब उभा, चार बोल्टांनी स्लॅबमध्ये पक्का बसवलेला. त्यावर पिवळा बोर्ड आणि बाबांच्या सुंदर अक्षरात लाल रंगाने लिहिलेलं:

'गच्चीवर काहीही ठोकू नये.'

* * *

जुलैत माझ्या खोलीचं छत गळायला लागलं. आधी ओल आली, मग पोपडे, मग थेंब. मी गादी गुंडाळून खाली आले, पुन्हा फ्रिजजवळ. फ्रिज नवा आहे, जरा मोठा आहे. आता अडीच फूटही मिळत नाहीत.

बाबा म्हणाले, "नवीन घराला घाम येतो." शेजारचे काका म्हणाले, "गळत नाही असं एक घर दाखव गोराईत!" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्यासारखंच दुसऱ्याचंही गळतं यासारखा आनंद या पिढीला दुसऱ्या कशाने होत नाही. दुरुस्ती त्या आनंदाच्या आड येते.

श्रावणात सत्यनारायण घातला. आलेल्या प्रत्येकाला बाबा घर दाखवत होते. मी खाली किचनमध्ये पन्नास माणसांचा चहा गाळत होते. जिन्यावरून बाबांचा आवाज ऐकू आला, "आणि ही मयूची खोली." कोणीतरी म्हणालं, "वा! बघू या ना."

"नको, नको," बाबा हळूच म्हणाले, "ती झोपलीये."

पाहुणे पाय न वाजवता खाली उतरले. समोर मी, गाळणं हातात घेऊन! आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मयू, साखर वाढव गं जरा."

* * *

या वर्षी मी जाहीर केलं की गच्ची मी करून घेणार. मोठ्यांनी फक्त बघायचं. बाबांचा खांब काढला. ईशान्येचा कोपरा फोडून तिथून पाण्याला वाट काढली. आत्याला फोनवर सांगितलंच नाही. शेलारने भोकं भरली, पुन्हा तीन हात मारले. मग म्हणाला, "आता परीक्षा. पाणी जायची तोंडं बंद करून चार बोटं पाणी भरायचं, कठड्यावर खूण करायची आणि तीन दिवस बघायचं."

मी स्वतः लाल मार्करने खूण केली. दिवसभर मी क्लासला, म्हणून भाऊकाकांना वर नेऊन दाखवलं. त्यांचा हात धरून म्हटलं, "काका, लक्ष ठेवा हं. पाणी या खुणेच्या खाली गेलं, तर माझी खोली गेली."

भाऊकाकांनी खूण नीट बघितली. बोट लावून बघितली. "काय काळजी करू नको, बाय," म्हणाले.

तिन्ही संध्याकाळी मी वर गेले. पाणी खुणेवर. केसभरही खाली नाही! मे महिन्याचं ऊन होतं. मी वाफेचं गणित मुलांना शिकवते. त्या तीन दिवसांत निदान वाफ तरी व्हायला हवी होती. पण आनंदात माणसाचा अभ्यास जातो. शेलारही म्हणाला, "ताई, एवढ्या वर्षांत असा रिझल्ट पाहिला नाही!" छतावर ओल दिसत होती. तो म्हणाला, जुनी आहे, सुकेल. मी त्यावर रंग मारून घेतला. कपाट चढवलं, पुस्तकं लावली, टेबल खिडकीशी ठेवलं. एका दुपारी दार लावून कडी घातली आणि काहीही न करता दोन तास बसून राहिले. आईने खालून तीनदा हाक मारली. मी ओ दिली नाही.

जूनमध्ये, तपासायला आणलेल्या पेपरांवर पहिला थेंब पडला. संध्याकाळपर्यंत कपाटाच्या मागून ओघळ आला. पुस्तकं मी साडीच्या गाठोड्यात बांधून खाली आणली आणि जिन्यात बसून रडले. लाज न बाळगता सांगते, हुंदके देऊन रडले.

पावसाने उघडीप दिली तेव्हा शेलार आला. तोंडं बंद केली, पाणी भरलं, खूण केली. भाऊकाकांचे गुडघे दुखत होते, ते खाली खाटेवर पडून होते. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या तीन बोटं खाली.

शेलार खाली येऊन खुर्चीत बसला. आईने चहा दिला, तो त्याने घेतला नाही. "ताई, मला कळतच नाही. तेच काम, तीच गच्ची. मग त्या वेळी तीन दिवस पाणी हललं कसं नाही?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी शेलारकडे.

भाऊकाका खाटेवर उठून बसले.

"तेव्हा मी होतंय ना!" ते म्हणाले. "सकाळी धा बालद्यो, सांजच्याक धा बालद्यो. खुणेच्या खाली एक बोट जावक दिलंय नाय!"

मग माझ्याकडे वळून, अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले, "ह्या वेळी माका कोणी सांगूकच नाय, बाय. म्हणान गळला."