फुरशाचा अजगर

एकाहत्तर साली दानीएल पाटोळ्याच्या हातचे अजगर बघायला राहुरीच्या बाजारातली माणसं वाट वाकडी करून येत. अजगर म्हणजे आपल्याकडचा, ओढ्याकाठी पडून राहणारा नव्हे. याला पंख, चार पाय, डोक्यावर तुरा आणि तोंडात जाळ. असलं जनावर कुणी जन्मात पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिलेलं नसल्यामुळेच ते कसं असावं याबद्दल ज्याचं त्याचं ठाम मत होतं.

दानीएल मूळचा रंगारी. बैलगाडीच्या चाकांना पट्टे मारायचे, दुकानांच्या पाट्या लिहायच्या, कारखान्याच्या भिंतीवर 'विडी ओढू नये' असं विडी ओढत लिहायचं, हा त्याचा धंदा. मुळा नदीकाठच्या त्याच्या वाडीत थोडी ख्रिस्ती घरं होती आणि एक लहानसं देऊळ. देवळाच्या फादरनी त्या वर्षी मिखाएल देवदूताच्या सणाला घरटी एक मूर्ती द्यायचं ठरवलं. वीतभर उंचीचा देवदूत, हातात भाला, पायाखाली सैतानाचा अजगर. मुंबईहून खोकं आलं. उघडून बघतात तर देवदूत सगळे धडधाकट, आणि अजगरांचा पार भुगा. तसल्या नाजूक शेपट्या एस.टी.च्या टपावर टिकणार कशा? सैतानाचा पराभव वाटेतच झाला म्हणून फादर हसले, आणि एक रंगीत चित्र त्यांनी दानीएलच्या हातात दिलं. अजगर आता त्यानं करायचे होते.

हे काम दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं, असं वाडीतले लोक मागून बोलले, आणि लोकांचं नेहमीच चुकतं असं नाही. दानीएलची सहा वर्षांची रूथ दोन वर्षांपूर्वी साप चावून गेली होती. चुलीसाठी गोवरी आणायला गेली आणि रचलेल्या गोवऱ्यांच्या कलवडात हात घालताच तिला साप डसला. तिची आई मार्था तेव्हा उसाच्या लागणीला गेलेली. ती येईपर्यंत सगळं आटोपलं नव्हतं, पण पोर तिला नीट ओळखतही नव्हती. साप फक्त दानीएलनं पाहिला. त्यानंच तो दगडानं ठेचला आणि नदीच्या पात्रात फेकून दिला.

पोरीला मूठमाती दिली त्या दिवसापासून मार्थानं देवळाची पायरी चढणं सोडलं. भांडली नाही, देवाला शिव्या दिल्या नाहीत. रविवारी घंटा झाली की धुणं घेऊन नदीवर जाई. दानीएल एकटाच देवळात बसे आणि बायकांच्या बाजूला, जिथं ती बसायची, तिथली मोकळी सतरंजी बघत राही. त्याला एवढंच हवं होतं की तिनं पुन्हा तिथं येऊन बसावं. दुसरं काही मागायचं त्याच्यात उरलं नव्हतं.

म्हणून हे काम त्यानं हौसेनं घेतलं. त्याचा हिशेब साधा होता. अजगर असा भयंकर करायचा की बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं, आणि मग त्याच्या मानेवर देवदूताचा पाय. मार्थानं एकदा ते बघितलं की तिच्या मनातली गाठ सुटेल. पुरुषांना बायकांच्या मनातल्या गाठी अशाच सुटतात असं वाटतं.

मातीचं अंग घडवायला कारभारी कुंभार होता. त्यानं चित्र उलटसुलट करून बघितलं आणि घोरपडीला कोंबड्याचे पंख लावून दिले.

"ह्ये उडतंय म्हनता, मग अंडी घालतंय का?" त्यानं विचारलं.

"सैतान हाय त्यो, कारभारी."

"आसंल की. पन शेपूट जाड ठिवतो. न्हाईतर भट्टीत तडकंल."

अंग झालं. पुढचं सगळं रंगाचं काम, आणि तिथं दानीएल स्वतःला पार विसरून गेला. मार्थानं सांगितलं होतं की ते जनावर घरात आणायचं नाही, तेव्हा त्यानं गोठ्यात फळी टाकली. पोटाला शेंदरी, पाठीला पोपटासारखा हिरवा. तोंडाच्या जाळासाठी पिवळ्यात काव फुंकून बघितली. अंगाला चमक यावी म्हणून अभ्रक कुटून वस्त्रगाळ केलं. धरणावरच्या कोळ्यांकडून माशांचे खवले आणले, ते एकेक चिकटवले. चार दिवसांत असा वास सुटला की मांजरानं दोन अजगर पळवले. खवले दिसायला तर हवेत, पण हातानं रेघा मारून ते मेल्यासारखे दिसत. शेवटी एका जुन्या पाटीनं त्याला वाट दाखवली. पाटीचा वरचा थर उन्हानं तडकून त्याला बारीक भेगांची जाळी पडली होती. मग त्यानं खाली तेलरंगाचा हात दिला, तो चिकट असतानाच वर बाभळीच्या डिंकात काजळी घोटून जाड थर दिला, आणि मूर्ती कडक उन्हात ठेवली. डिंक आवळत गेला, तडकला, आणि खालचा चमकता हिरवा भेगाभेगांतून वर आला. दर बोटाला खवला. मान हलवून बघावं तर जनावर श्वास घेतंय असं वाटे. दानीएल स्वतःच दोन पावलं मागं सरला.

आता एकच राहिलं होतं. डिंकाला पाण्याचं वावडं, म्हणून त्यावर चंद्रुसाच्या रोगणाचा हात द्यायचा. पण त्याआधी थर पुरता वाळायला हवा. त्या श्रावणात पावसानं पाठ फिरवली होती आणि ऊन चैतासारखं पडत होतं. दानीएलनं सगळे अजगर दारापुढच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले आणि रोगण आणायला राहुरीला गेला. त्या दिवशी नागपंचमी होती, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं. ख्रिस्ती माणसानं तिथी कशाला मोजावी?

वारुळाची वाट त्याच्याच दारावरून जाते. पुढं छबूबाई होती. रूथला डसलं तेव्हा तिला खांद्यावर टाकून सडकेपर्यंत धावत गेली होती ती हीच छबूबाई. मागं बाया, हातात लाह्या, हळदकुंकू, दुधाच्या वाट्या. कट्ट्यावर जिवंत दिसणाऱ्या नागांची रांग बघून छबूबाई थांबली. पंख आणि पाय तिनं पाहिले असतील, पण एवढ्या तेवढ्याला बाईमाणूस अडत नाही. तिनं चपला काढल्या, एकेकाला हळदकुंकू वाहिलं, दूध घातलं, आणि कट्ट्याला डोकं टेकून म्हणाली, "बाबा, ह्या घराचं एक नेलंस. आता कुनाच्या लेकराला शिवू नगंस."

दानीएल परतला तेव्हा कट्ट्यावरून काळं दूध ओघळत होतं. खवले धुऊन गेले होते. ज्याच्यासाठी त्यानं जीव आटवला ते अजगर लाह्या चिकटलेल्या बोडक्या घोरपडी होऊन बसले होते. त्याचा संताप अनावर झाला. त्यानं एक अजगर उचलून भिंतीवर आपटला, दुसरा उचलला, आणि तेवढ्यात मार्थानं त्याचा हात धरला. ती दारातून सगळं बघत होती. छबूबाई काय म्हणाली तेही तिनं ऐकलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. त्याच्या हातातला अजगर तिनं घेतला आणि पदरानं पुसला. मग विचारलं, "अवो, त्यो आसा हुता का?"

दोन वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच गावानं ठेवली नव्हती. कुणी म्हणे पाच हात लांब होता, कुणी म्हणे फडा सुपाएवढा. जो तो आपल्या पदरची वीत घालत गेला, आणि दानीएलनं कुणाला अडवलं नाही. त्यालाही तेच बरं वाटत होतं. आपली पोर न्यायला काहीतरी मोठंच यायला हवं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. तो गोठ्यात गेला, मार्था मागोमाग. तिथं कारभाऱ्याच्या मातीचा एक गोळा पडला होता. त्यातली चिमूटभर घेऊन त्यानं तळहातावर वळली. मातकट रंग दिला, पाठीवर तपकिरी नक्षी ओढली. अभ्रक नाही, डिंक नाही. करंगळीएवढं जाड, वीतभर लांब. फुरसं, आणि तेही पिल्लूच.

मार्थानं ते दोन्ही हातांत घेतलं. ओलं होतं, तिच्या बोटांना लागलं.

"येवढंच?"

"येवढंच."

"आन् म्या दोन वरीस त्येच्या फडीखाली झोपतीया," ती म्हणाली, आणि खाली बसून रडली. पोर गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. दानीएल तिच्याशेजारी मातीत बसला. त्यालाही रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

पुढं त्यानं अजगर पुन्हा रंगवले, वरून रोगण दिलं, आणि सणाच्या सकाळी देवळात सगळे मांडले. लोक खूष झाले. मिस्साची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी मार्था आली. फादरनी तिला बघितलं आणि काही न विचारता तिच्या घरची मूर्ती पुढं केली. तिनं देवदूताच्या पायाखालचा चकचकीत अजगर काढून बाजूला ठेवला आणि कमरेची पुरचुंडी सोडून ते फुरसं तिथं ठेवलं. देवदूताचा पाय मोठ्या अजगराच्या मापानं उचललेला. तो वरच राहिला; खाली दोन बोटं जागा मोकळी.

"बाई, पाय पोचत नाही त्याच्यापर्यंत," फादर हळूच म्हणाले.

"न्हाईच पोचला, फादर," मार्था म्हणाली. "लई बारकं हुतं. देवदूताला बी दिसलं नसंल."

मार्थानं मूर्ती तशीच ओळीत ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सतरंजीवर जाऊन बसली.